दाबलेला कापूस : वऱ्हाडातील गासडीचा इतिहास

थंडीच्या आरंभी पिंजारी दारात येतो, जुनी गादी उसवतो आणि धनुकलीच्या टणत्कारासरशी दडस झालेला कापूस फुलवू लागतो. जी रुई सकाळी एका लहानशा गाठोड्यात मावली होती, तिचा दुपारपर्यंत अंगणभर ढीग होतो. घरातील पाच-सहा वर्षांचे मूल हा प्रकार डोळे विस्फारून पाहते आणि विचारते, 'एवढा कापूस आला कोठून?' सायंकाळी नवी गादी शिवून झाल्यावर तेच मूल तीवर उडी मारते, गादी खाली दबते, आणि दुसरा प्रश्न येतो, 'मग आता तो गेला कोठे?' पुष्कळ घरांत या प्रश्नास 'उगाच बडबड करू नकोस' असे उत्तर मिळते. प्रश्न मात्र पदार्थविज्ञानातील आहे. आणि अमरावती-अकोल्याच्या मुलाने तो विचारला असेल, तर तो त्याच्या प्रांताच्या इतिहासातीलही आहे.

मुलास समजेल असे उत्तर फार अवघड नाही. पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली घट्ट बुचाने बंद करावी आणि बूच आणखी आत रेटण्यास त्यास सांगावे. ते तसूभरही सरकत नाही. मग तीच बाटली रिकामी करून तोंडाशी घट्ट बसणारा दट्ट्या आत ढकलावा. तो काही अंतर आत जातो आणि हात सोडताच मागे येतो. पाणी दबत नाही, हवा दबते. यानंतर पेलाभर रुई त्याच्या मुठीत द्यावी. मूठ आवळली की पेलाभर रुई सुपारीएवढी होते, मूठ उघडली की पुन्हा फुगते. रुईचा एकही तंतू यात नाहीसा झाला नाही किंवा आखूड झाला नाही. तंतूंच्या मधल्या मोकळ्या जागेत जी हवा होती ती बोटांच्या फटींतून बाहेर गेली, एवढेच. कापसाचा तंतू सुतासारखा सरळ नसून पिळवटलेल्या फितीसारखा असतो. त्यामुळे असे सहस्रावधी तंतू एकमेकांपासून अंग चोरून राहतात आणि पोकळी धरून ठेवतात. ढिगात जे दिसते त्यात कापूस थोडा व पोकळी फार. ही पोकळी काढून टाकण्यासाठी वऱ्हाडात जेवढा पैसा, जेवढी वाफ आणि जेवढे मनुष्यबळ खर्ची पडले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही कामी क्वचितच पडले असेल.

वऱ्हाडची काळी जमीन आणि तीतील कपाशी ही फार जुनी जोडी आहे. परंतु पिकविलेला कापूस बाहेर नेणे हे आगगाडीपूर्वी मोठे संकट होते. अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे पाचशे मैलांवर गंगेकाठी मिर्झापुरास जाई आणि तेथून नावेने कलकत्त्याकडे. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने या मार्गाने एक लक्ष बैलांचे ओझे पाठविले, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. बंजाऱ्यांचे तांडे महिनोन् महिने वाटेवर असत. या प्रवासात अडचण वजनाची नव्हे, आकाराची असे. बैलाच्या पाठीवर धान्याची गोणी चढविली तर त्याची शक्ती संपते तेव्हा जागाही संपते. रुईचे तसे नाही. पाठ झाकून जाते, दोन्ही बाजूंनी डोंगर लोंबू लागतात, झाडाझुडपांत अडकतात, वाटेची धूळ पितात, अवकाळी पावसात भिजतात, आणि तरीही बैलाने वाहिलेल्या मालात निम्म्याहून कितीतरी अधिक भाग वाऱ्याचा असतो. व्यापाऱ्याने बैलांना वारा वाहावयास लावून त्याचे भाडे भरावे, असा हा व्यवहार होता.

मुंबईकडे वऱ्हाडी कापसाची वाट प्रथम १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी या पारशी पेढीने काढली असे सांगतात. तीही बैलांचीच. घाट उतरून कापूस समुद्रास पोचला तरी पुढे जहाजाचा प्रश्न उभा राही, कारण जहाजाचे भाडे हलक्या मालास वजनावर न आकारता त्याने अडविलेल्या घनफुटांवर आकारतात. म्हणजे पोकळीचे भाडे पुन्हा एकदा, आणि या वेळी थेट लिव्हरपुलापर्यंत.

म्हणून दाबणे आले. सर्वांत जुनी रीत पायांची. जमिनीत खड्डा करून किंवा उंच चौकटीस लटकवून एक मोठे तरटाचे पोते मोकळे ठेवावयाचे, एका माणसाने त्यात उतरावयाचे आणि वरून टाकलेली रुई तुडवीत तुडवीत स्वतः वर यावयाचे. पोते भरले म्हणजे माणूस बाहेर. अशा सैल पोत्यास बाजारात 'दोकडा' म्हणत. तुडविणाऱ्याच्या नाकातोंडात रुईचे बारीक तंतू आणि धूळ जाई. त्याच्या खोकल्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. त्यापुढची पायरी मळसूत्राची. जाड लाकडी वा लोखंडी मळसूत्रास आडव्या दांड्या बसवून त्या माणसांनी गोल फिरत ढकलावयाच्या, मळसूत्र खाली उतरते आणि पेटीतील रुई बसते. ही गासडी अर्धी दाबलेली, म्हणजे 'कच्ची', असे. ती मुंबईस कुलाब्यावर पोचली म्हणजे तेथील प्रेसांत फोडून पुन्हा दाबली जाई आणि मग पक्की होऊन जहाजात चढे. एकच कापूस दोनदा दाबला जाई, दोनदा बांधला जाई आणि दोन्ही वेळची मजुरी अखेर खरेदीच्या भावातून, म्हणजे शेतकऱ्याच्या पदरातून, वजा होई. या मोकळ्या-बांधल्याच्या खटपटीत वाईट माल चांगल्यात मिसळण्यासही उत्तम संधी सापडे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी हे त्याचे कारण. परंतु मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीवर होती हेही उघड गुपित होते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेथील कापूस बंदरांत अडकला आणि लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून मजुरांची उपासमार सुरू झाली. मुंबईत कापसाचे भाव आकाशास भिडले. वऱ्हाडातील कास्तकाराच्या हाती त्या चार वर्षांत जेवढा रोख पैसा आला तेवढा त्याच्या आजाने पाहिला नव्हता. युद्ध संपताच भाव कोसळले. पण तोवर ज्वारीची कित्येक शेते कपाशीखाली आली होती, आणि एकदा सावकाराच्या वहीत कापसावर काढलेले कर्ज ज्वारीने फिटत नाही.

याच सुमारास भुसावळपासून पूर्वेकडे जी. आय. पी. रेल्वेचे रूळ मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा असे करीत पुढे सरकले आणि १८६७ साली नागपुरास पोचले. सरकारने मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमला होता. हॅरी रिव्हेट-कारनॅक हे त्याचे नाव. पुराणवस्तूंचा नाद असलेला हा गृहस्थ कापसाच्या बाबतीत मात्र अगदी पुढचा विचार करणारा होता. कापूस पिकतो तेथेच तो एकदाच, आणि पक्का, दाबला जावा, यावर त्याचा भर होता. आगगाडीच्या डब्यातही बैलाच्या पाठीसारखाच प्रकार होता. कच्च्या गासड्यांनी डबा छतापर्यंत भरला तरी वजन थोडेच. पक्क्या गासड्या घातल्या की त्याच डब्यात किती तरी अधिक माल जातो.

जलंब स्थानकापासून आठ मैलांचा खामगावचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला झाला. बाजारपेठेच्या एका गावी आठ मैलांचा रूळ घालण्यासाठी व्हाइसरॉयाने स्वतः यावे, यावरून खामगावच्या कापसाचे मोल कळते. काळाचा योगही विलक्षण होता. १८६९ त सुएझचा कालवा खुला झाला होता आणि १८७० तच मुंबई व विलायत यांच्यामध्ये समुद्राखालील तार जोडली गेली. वऱ्हाडात वाफेच्या बळावर चालणारे पक्के प्रेस उभे राहू लागले ते याच सुमारास. आता लिव्हरपुलच्या व्यापाऱ्याने तार करावी, खामगावात गासडी बांधली जावी आणि ती पुन्हा न फोडता बोटीत चढावी, असा सरळ मार्ग तयार झाला. अमरावतीसही बडनेऱ्याहून सहा मैलांचा फाटा मिळाला. अमरावतीचे जुने नाव उमरावती. त्यावरून वऱ्हाडी कापसास मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणू लागले. अमरावती नकाशावर कोठे आहे हे ज्यांस सांगता आले नसते, असे दलाल विलायतेत तिच्या नावाने सौदे करीत.

हे पक्के दाबणे कसे साधले, हे मुलास सांगण्याजोगे आहे. पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात असे दाखविले की, बंद भांड्यातील पाण्यावर एका ठिकाणी दाब दिला तर तो कमी न होता सर्वत्र सारखा पोचतो. त्याचा हा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याचा उपयोग करावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. लंडनमध्ये कुलपे करणारा जोसेफ ब्रामा याने १७९५ साली जलदाबयंत्राचा हक्क नोंदविला. त्याची युक्ती अशी : एक बारीक नळी आणि एक रुंद नळी तळाशी जोडून पाण्याने भरावयाच्या व दोहींत दट्टे बसवावयाचे. रुंद दट्ट्याचा व्यास बारीक दट्ट्याच्या दसपट असेल, तर त्याचे क्षेत्रफळ शंभरपट होते. मग बारीक दट्ट्यावर एक मणाचा भार दिला की रुंद दट्टा शंभर मण उचलतो. हा शक्तीचा नफा फुकट नसतो. रुंद दट्टा एक इंच वर चढावा म्हणून बारीक दट्ट्यास शंभर इंच पाणी ढकलावे लागते. पण पंपाने भराभर लहान लहान ठोके देण्याचे काम वाफेचे इंजिन आनंदाने करते. बाटलीतील जे पाणी मुलाच्या बोटाखाली दबत नव्हते, तेच न दबण्याच्या गुणामुळे बारीक नळीतील जोर वाया न जाता रुंद नळीत पोचविते. पाणी स्वतः दबत नाही म्हणून कापूस दबतो.

प्रेसच्या आत देखावा असा असे. जिनातून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांतून आलेली रुई उंच पेटीत ओततात. मजूर ती पायांनी तुडवून बसवितात, म्हणजे जुनी रीत येथेही सुटली नाहीच. मग दारे बंद होतात, दट्टा चढू लागतो, लाकूड व लोखंड करकरते, आणि पुरुषभर उंचीची रुई कमरेखाली येते. दाब कायम असतानाच तरट गुंडाळून लोखंडी पट्ट्या ओवतात व अडकवितात. शेवटी दाब सोडतात तेव्हा गासडी किंचित श्वास घेतल्यासारखी फुगते आणि पट्ट्या ताणल्या जाऊन टणक होतात. मुंबईच्या बाजारातील गासडी ३९२ रत्तलांची, म्हणजे ७८४ रत्तलांच्या खंडीची निम्मी. तेवढी रुई सैल पसरली तर लहान खोलीचा मोठा भाग भरून टाकील. पक्क्या गासडीत ती दहा घनफुटांच्या आसपास मावे.

येथे चौकस मुलास एक हिशेब घालण्यासारखा आहे. एक घनफूट पाण्याचे वजन साडेबासष्ट रत्तल. कापसाच्या तंतूचे द्रव्य पाण्याच्या सुमारे दीडपट जड, म्हणून दहा घनफुटांत निव्वळ द्रव्यच ठासले असते तर गासडी नऊशे रत्तलांहून जड झाली असती. ती भरते ३९२. अर्थात एवढ्या प्रचंड यंत्राने एवढे दाबूनही गासडीत निम्म्याहून अधिक हवाच उरते.

या उरलेल्या आणि गेलेल्या हवेचा आगीशीही संबंध आहे. सैल रुईवर ठिणगी पडली तर प्रत्येक तंतूस भोवती हवा मिळत असल्यामुळे ज्वाला ढिगावरून वाऱ्यासारखी धावते. कपाशीतून आलेला एखादा खडा जिनाच्या लोखंडावर आपटून ठिणगी उडावी आणि हंगामाची कमाई घटकेत राख व्हावी, अशा भीतीखाली जिनांचे मालक उन्हाळा काढीत. पक्की गासडी अशी भडकत नाही. ती आतल्या आत, उरलेल्या हवेवर, धुमसत राहते आणि विझविली असे वाटल्यावरही पुन्हा धूर सोडते. बोटीवरील खलाशी तिला म्हणूनच भीत.

गासडी घट्ट झाली तशी लबाडीही घट्ट झाली. दोकड्यात हात घालून रुई पाहता येई. पोलादी पट्ट्यांत आवळलेल्या गासडीच्या पोटात काय आहे, हे समुद्रापलीकडे ती फुटेपर्यंत कळत नसे. रुईवर पाणी शिंपडून वजन वाढवावे, सरकी व कवडी आत दडपावी, वरच्या थरास चांगला 'बनी' आणि मध्ये हलका माल घालावा, हे प्रकार जुनेच होते. मुंबई इलाख्यात १८२९ त आणि पुन्हा १८६३ त कापसातील लबाडीविरुद्ध कायदे झाले होते. शेवटी १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक असलाच पाहिजे असे ठरविले. त्यामुळे लिव्हरपुलात अगर मुंबईत फुटलेली ओली गासडी कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसातून निघाली, हे शोधणे शक्य झाले. दोष शेतकऱ्याचा की मधल्या हातांचा, हा वाद मात्र अनुक्रमांकाने सुटला नाही. पाणी कोणीही शिंपडले तरी त्या गावचा भाव सर्वांसाठीच उतरे, आणि त्याची झळ प्रथम त्यास लागे ज्याच्याजवळ माल राखून ठेवण्यास जागाही नव्हती व धीरही नव्हता.

भाव ठरविण्याची जुनी रीतसुद्धा दाबण्याचीच होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत व बोटे दाबून आकडा सांगत. यास 'हत्ता' म्हणत. बंडीवर बसलेला कास्तकार रुमालाकडे पाहत राही. आपल्या वर्षाच्या श्रमाची किंमत दोन परक्या पंजांत ठरत असताना त्यास दिसे ते फक्त कापडाचे हलणे. उघड्या व नियमबद्ध बाजाराचा हिंदुस्थानातील आरंभ वऱ्हाडातच झाला, हे म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारंजा येथील कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्यात गिरण्यांस शुद्ध माल मिळावा हा सरकारचा हेतू होता खरा. तरी वजनकाटा व कसर यांवर काही देखरेख आली, हा लाभ कास्तकारास मिळाला. हत्त्यास पुढे बाजार समित्यांच्या नियमांनी मनाई झाली.

कारखान्यांतील माणसांचा विचार त्याहूनही उशिरा झाला. जिनावर मुख्यतः बायका बसत. शेतात वेचणी करणाऱ्याही त्याच आणि हंगामात जिनावर रुई काढणाऱ्याही त्याच. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर मजुरांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. कापसाचा हंगाम आखूड असल्यामुळे कित्येक जिना आपोआप त्याच्याबाहेर राहिल्या. १८८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, तीत बायका पहाटे अंधारात कामावर येऊन रात्री उशिरापर्यंत, आणि गर्दीच्या दिवसांत रात्रंदिवस, बसत असल्याचे पुढे आले. खानदेशची जिन आणि वऱ्हाडची जिन यांत नदीनाल्यांहून मोठे अंतर नव्हते. हंगामी कारखाने स्पष्टपणे कायद्यात आले ते १९११ साली, म्हणजे खामगावचा फाटा उघडल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी. जी गासडी बांधण्यास काही मिनिटे लागत, तिच्यामागील बाईच्या दिवसाची लांबी मोजण्यास सरकारास एवढा काळ लागला.

तारेने जोडलेल्या बाजाराचा दुसरा परिणाम १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दिसला. ज्या तारेने लिव्हरपुलचा चढता भाव सकाळी अकोल्यास येई, तीच तार उतरता भावही आणी. कपाशी पिकविणाऱ्यास ज्वारी विकत घ्यावी लागे. आणि ज्या साली पाऊस गेला त्या साली ज्वारी महाग व विकण्यास कापूस नाही, अशी दुहेरी कोंडी झाली. छप्पन्नच्या दुष्काळाच्या आठवणी वऱ्हाडात पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. आगगाडीने धान्य आले हे खरे, पण ते विकत घेण्यास पैसा लागे.

विसाव्या शतकात मुर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपुराकडे अरुंद रुळांची आगगाडी गेली तीही कापसासाठीच. पुढे प्रेस वाफेवरून विजेवर आले, गासडी ३९२ रत्तलांची १७० किलोची झाली, आणि कित्येक जुन्या जिनांच्या चिमण्या वसतीच्या मध्ये एकट्या उभ्या राहिल्या. दाबण्याचे तत्त्व बदलले नाही.

गासडी गिरणीत पोचल्यावर तिच्या पट्ट्या तोडतात. त्या तुटताच ती अंगावर आल्यासारखी फुगते, म्हणून तोडणारा बाजूस उभा राहतो. मग तिला लगेच यंत्रात घालीत नाहीत. थर मोकळे करून काही काळ तशीच पडू देतात, म्हणजे तंतू पुन्हा आपले पीळ सावरतात आणि त्यांच्यामध्ये हवा शिरते. त्यानंतर पहिले यंत्र जे येते ते दाते, पंखे आणि झोत यांनी रुई फोडीत, फुलवीत, झाडीत पुढे ढकलणारे. जे काम अंगणात पिंजाऱ्याची धनुकली करते, तेच.